जामीन कोणीं कोणास राहावयाचें?

सन २०१४ च्या ऑक्टोबर महिन्याची ७ तारीख आम्हांस चांगली आठवते. दुपारची वेळ होती आणि आमच्या महाविद्यालयांतील अध्यापकांच्या खोलींत नेहमींपेक्षां अधिक मंडळी जमली होती. इतक्यांत कोणाच्या तरी मोबाइलवर बातमी आली कीं, भ्रष्टाचाराच्या प्रकरणांत दोषी ठरल्यामुळें तामिळनाडूचें मुख्यमंत्रिपद गमावलेल्या जयललिता यांस कर्नाटक हायकोर्टानें जामीन दिला. खोलींत एकच हळहळ उठली. या देशांत न्याय उरला नाहीं, हें वाक्य तीन निरनिराळ्या विषयांच्या प्राध्यापकांनीं जवळजवळ एकदमच उच्चारलें. थोड्या वेळानें दुसरी बातमी आली कीं, पहिली खोटी होती. अटींवर जामीन देण्यास आपली हरकत नाहीं असें सरकारी वकिलांनीं सांगितलें, तेवढ्यावरून बातमीदार धांवत सुटले होते आणि बाहेर जमलेल्या अनुयायांनीं मिठाईहि वांटली होती. प्रत्यक्षांत न्यायमूर्तींनीं अर्ज नामंजूर केला होता. आतां आमच्या खोलींत आनंदीआनंद झाला, आणि एका गृहस्थांनीं सर्वांस आपल्या पदरचा चहा पाजला.

तो चहा आम्हीं घेतला, पण त्या आनंदांत आम्हांस भाग घेववला नाहीं. एका तरुण सहकाऱ्यानें हंसत विचारलें, "सर, तुम्ही त्या पक्षाचे केव्हांपासून झालांत?" आम्ही त्या पक्षाचे नव्हतों व नाहीं. पहिल्या बातमीनें आम्हांस हर्ष झाला नव्हता. दुसरीनें मात्र खेद झाला. कां, तें घंटा होण्यापूर्वीच्या पांच मिनिटांत सांगतां आलें नाहीं. त्यानंतर अशा बातम्या पुनःपुन्हा येत राहिल्या, माणसें व प्रांत बदलले, पण प्रत्येक वेळीं सुशिक्षितांची हळहळ तीच आणि अनुयायांचे फटाके तेच. तेव्हां आतां सवडीनें सांगतों. आमचें म्हणणें या दोनही पक्षांस आवडणार नाहीं याची आम्हांस पूर्ण कल्पना आहे.

प्रथम शब्दाकडेच पाहूं. जामीन हा शब्द आपल्या भाषेंत मूळचा माणसाचा वाचक आहे, सुटकेचा नव्हे. अमका अमक्यास जामीन राहिला, असें आपले आजोबा म्हणत. जुन्या मराठी कागदांत हाजीरजामीन भेटतो व मालजामीनहि भेटतो. एकानें माणूस हजर राहण्याची हमी घ्यावयाची, दुसऱ्यानें पैका भरला जाण्याची. म्हणजे जामीन ही मुळांत एकानें दुसऱ्याकरितां पत्करलेली जबाबदारी. आज मात्र "जामीन मिळाला" असें आपण म्हणतों. मिळणें हें क्रियापद पगाराला, वांटणीला, बक्षिसाला शोभतें. आणि एकदां जामीन हें मिळण्याची वस्तु झाल्यावर, तें मिळालें म्हणजे एकानें नाचावें व दुसऱ्यानें जळावें, हें ओघानेंच आलें. शब्दाचा अर्थ सरकला कीं विचारहि सरकतो याचें इतकें ठळक उदाहरण आम्हांस वर्गांत सांगावयास दुसरें सांपडलेलें नाहीं.

कायदा काय म्हणतो, तें थोडक्यांत. अपील चालूं असतां शिक्षेची अंमलबजावणी तहकूब करण्याचा व अपीलकर्ता कैदेंत असल्यास त्यास जामिनावर सोडण्याचा अधिकार वरिष्ठ कोर्टास आहे. मात्र त्याचीं कारणें कोर्टानें लेखी नमूद केलीं पाहिजेत. ही तरतूद आजची नव्हे. १८९८ च्या फौजदारी संहितेंत ती ४२६ व्या कलमांत होती, १९७३ च्या संहितेंत ३८९ व्या कलमांत आली, आणि १ जुलै २०२४ पासून अमलांत आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेंत तिचा आंकडा ४३० आहे. राज्य बदललें, संहिता दोनदां बदलली, कलमाचा गाभा तोच राहिला. याच कलमाचा एक पोटभाग वर्तमानपत्रांत कधींच येत नाहीं. अपील अखेरीस फेटाळलें गेलें, तर अपीलकर्ता जितके दिवस बाहेर होता तितके दिवस शिक्षेंत मोजले जात नाहींत. चार वर्षांची शिक्षा ती चार वर्षांचीच राहते. मग जामिनानें शिक्षेंतून सूट मिळते, ही समजूत आली कोठून?

आतां आमच्या चहा पाजणाऱ्या मित्रांचा पक्ष विचारांत घेऊं. त्यांचें म्हणणें असें: कोर्टानें पुरावा तपासून दोषी ठरविलें; निर्दोषत्वाचें गृहीतक तेथें संपलें; शिवाय गुन्हा साधा नव्हे, जनतेच्या विश्वासाचा घात आहे; मग आतां बाहेर सोडण्याचें कारण काय? कर्नाटक हायकोर्टाच्या न्यायमूर्तींनींहि अर्ज फेटाळतांना याच धर्तीचें कारण दिलें होतें. भ्रष्टाचार हा मानवी हक्कांचा भंग असून त्यानें आर्थिक समतोल ढळतो, असा त्याचा आशय होता.

यांतील पहिला भाग खरा आहे. खटल्यापूर्वीं जामीन मागणारा आणि दोषी ठरल्यावर जामीन मागणारा यांची योग्यता सारखी नव्हे; दुसऱ्यानें अधिक कांहीं दाखविलें पाहिजे. पण भ्रष्टाचार भयंकर आहे, हें कारण या पायरीवर देणें आम्हांस मान्य नाहीं. गुन्हा किती भयंकर आहे, तें शिक्षा ठरवितांना पाहावयाचें असतें, आणि तें पाहिलें गेलें होतें. बंगळूरचे विशेष न्यायाधीश जॉन मायकेल डीकुन्हा यांनीं २७ सप्टेंबर २०१४ रोजीं चार वर्षांची कैद आणि शंभर कोटि रुपये दंड दिला, तो गुन्ह्याचें गांभीर्य मोजूनच. तेंच गांभीर्य अपिलाच्या दारांत पुन्हा तराजूंत घालणें म्हणजे एकाच मालावर दोन नाक्यांवर जकात घेण्यासारखें आहे. अपिलाच्या दारांतले प्रश्न निराळेच असतात. हा मनुष्य पळून जाईल काय? बाहेर राहून अपील लांबवील काय? अपिलांत ऐकण्याजोगें कांहीं आहे काय? आणि सर्वांत मोठा प्रश्न हा कीं, अपील ऐकलें जाईपर्यंत यास आंत ठेवलें आणि अखेर हा सुटला, तर ते दिवस त्यास परत कोण देणार?

हा शेवटचा प्रश्न सुप्रीम कोर्टापुढें १९७७ सालीं कश्मीरासिंग याच्या प्रकरणांत आला होता. तो भ्रष्टाचाराचा नव्हे, खुनाचा खटला. अपील वर्षानुवर्षें पडून राहणार हें दिसत असतां माणसास तुरुंगांत ठेवावयाचें, आणि मग पांच-सहा वर्षांनीं त्यास निर्दोष म्हणून सोडावयाचें, हा न्याय कसा, असा न्यायमूर्ति भगवती यांच्या निकालाचा मथितार्थ आहे. पुढें १९९९ सालीं त्याच कोर्टानें असें सांगितलें कीं, ठराविक मुदतीची शिक्षा असेल आणि विशेष विरुद्ध कारण नसेल, तर तिच्या तहकुबीचा विचार उदार बुद्धीनें करावा. यांत दया नाहीं, अंकगणित आहे. शिक्षा चार वर्षांची आणि अपिलाची पाळी सहा वर्षांनीं. म्हणजे मनुष्य शिक्षा पुरी भोगून घरीं येणार, आणि मग दोन वर्षांनीं कोर्ट त्यास सांगणार कीं तुझी शिक्षा बरोबर होती अथवा चुकीची होती. अशा अपिलास अपील म्हणण्यापेक्षां श्राद्ध म्हणावें.

खालचें कोर्ट चुकूं शकतें, हें महाराष्ट्रीय वाचकांस तरी समजावून सांगण्याची गरज पडूं नये. ताईमहाराज प्रकरणांत लोकमान्य टिळकांस पुण्याच्या मॅजिस्ट्रेटनें १९०३ सालीं खोटी साक्ष दिल्याबद्दल दीड वर्षाची शिक्षा ठोठावली. सेशन्स कोर्टानें ती सहा महिन्यांवर आणली, पण दोष कायम ठेवला. आणि मार्च १९०४ मध्यें मुंबई हायकोर्टानें सर लॉरेन्स जेन्किन्स यांच्या अध्यक्षतेखालीं तो दोषच पुसून टाकला. एकाच पुराव्यावर तीन कोर्टें, तीन निरनिराळे निर्णय. येथें कोणी असें म्हणेल कीं, आम्ही जयललिताबाईंस लोकमान्यांच्या पंक्तीस बसवितों. आम्ही माणसांची तुलना करीत नाहीं, जिन्याच्या पायऱ्यांची करतों. पायऱ्या ज्या लोकमान्यांकरितां बांधल्या, त्याच इतरांकरितांहि आहेत. चढणाऱ्याचें तोंड पाहून एखादी पायरी काढून घेण्याची सोय नाहीं.

एक जुनी गोष्ट येथें आठवते. ज्यांच्या निबंधांचे पाठ देण्यांत आमचीं कित्येक वर्षें गेलीं, ते फ्रान्सिस बेकन इंग्लंडचे लॉर्ड चॅन्सेलर असतां १६२१ सालीं पक्षकारांकडून पैसे घेतल्याच्या आरोपावरून दोषी ठरले. त्यांनीं आरोप कबूलच केला होता. चाळीस हजार पौंड दंड, राजाची मर्जी असेल तोंवर टॉवरमध्यें कैद, आणि सरकारी अधिकाराची कायमची बंदी, अशी शिक्षा झाली. प्रत्यक्षांत थोड्याच दिवसांत राजानें त्यांस सोडून दिलें आणि दंडाचा तगादाहि पुढें लागला नाहीं. याला म्हणतात मेहेरबानी. त्यांत कारण लिहावें लागत नाहीं, अट घालावी लागत नाहीं, आणि सुटलेले दिवस पुढें कोणी मोजून परत घेत नाहीं. कायद्यानें दिलेली तहकुबी आणि राजाची मर्जी यांतलें अंतर ज्यास दिसत नाहीं, त्यानेंच जामिनाची बातमी ऐकून न्याय बुडाला असें म्हणावें.

इतकें बोलल्यावर आमचे मित्र म्हणतील, मग फटाके वाजविणारेच बरोबर होते काय? मुळींच नाहीं. त्यांचा अपराध आमच्या मित्रांच्या अपराधाहून मोठा आहे, कारण मित्रांचा गैरसमज आहे, यांचा कावा आहे. १७ ऑक्टोबर २०१४ रोजीं सुप्रीम कोर्टानें जामीन मंजूर केला व दुसऱ्या दिवशीं बाई परप्पन अग्रहारच्या तुरुंगांतून सुटल्या, तेव्हां चेन्नईंत त्यांचें जें स्वागत झालें तें रणांत विजय मिळवून परतलेल्या सेनापतीचें होतें. वास्तविक त्या दिवशीं सुप्रीम कोर्टानें त्यांच्या निर्दोषत्वाविषयीं एक अक्षरहि काढलें नव्हतें. शिक्षा तहकूब झाली, दोष नव्हे. हा भेद नुसता वकिली नाहीं. के. सी. सरीन यांच्या प्रकरणांत २००१ सालीं सुप्रीम कोर्टानें स्पष्ट सांगितलें आहे कीं, भ्रष्टाचाराबद्दल दोषी ठरलेल्या लोकसेवकाची शिक्षा तहकूब करणें निराळें, आणि दोषसिद्धीच स्थगित करून त्यास पुन्हा अधिकाराच्या खुर्चीवर बसूं देणें निराळें. वरिष्ठ कोर्ट त्यास मुक्त करीपर्यंत तो दोषीच समजला पाहिजे. आम्हांस हा निकाल सर्वस्वीं मान्य आहे. माणसाचें स्वातंत्र्य गेलेलें परत देतां येत नाहीं, म्हणून तें अपिलापर्यंत राखावें. खुर्ची ही त्याच्या मालकीची वस्तु नव्हे, ती राखण्याचें कारण नाहीं.

या फटाक्यांमागें एक हिशेब होता. १० जुलै २०१३ पूर्वीं लोकप्रतिनिधित्वाच्या कायद्यांत अशी सवलत होती कीं, बसलेला आमदार किंवा खासदार दोषी ठरला आणि त्यानें तीन महिन्यांच्या आंत अपील दाखल केलें, तर अपिलाचा निकाल लागेपर्यंत त्याची जागा शाबूत राहावी. म्हणजे अपील जितकें लांबेल तितकी खुर्ची टिकेल! अपील न ऐकलें जाणें हाच ज्याचा लाभ, तो तें लवकर ऐका असें कशाला म्हणेल? लिली थॉमस यांच्या अर्जावर सुप्रीम कोर्टानें त्या दिवशीं ती सवलत घटनाबाह्य ठरविली. त्याच वर्षीं चारा-प्रकरणांत लालूप्रसाद यादव यांची लोकसभेंतील जागा गेली, आणि पुढल्या वर्षीं जयललितांची विधानसभेंतील. निकालाच्या दिवशीं पद गमावणाऱ्या त्या पहिल्या मुख्यमंत्री. एवढें झालें तें चांगलें झालें. पण जुनी संवय गेली नाहीं. दोषी ठरल्यावर अपील दाखल करावें, जामीन घ्यावा आणि मग त्या अपिलाची धूळ झाडण्याची कोणास आठवणहि होऊं नये, ही रीत अनेकांस अजून सोयीची वाटते.

आणि येथें आम्ही आमच्या मुख्य मुद्द्यावर येतों. जामीन ही जबाबदारी आहे, असें आम्हीं वर म्हटलें. अपीलकर्ता ती घेतो. त्याचे हमीदार सही करतात. तो पळाला तर रक्कम जप्त होते. पण या व्यवहाराला दुसरा पक्षहि आहे. कोर्ट जेव्हां म्हणतें कीं, आम्ही तुझें अपील ऐकेपर्यंत तूं बाहेर राहा, तेव्हां तें अपील ऐकण्याचें वचन कोर्टानें दिलेलें असतें. अपीलकर्त्यास तर दिलेलें असतेंच, पण ज्यांच्या पैशाचा अपहार झाला त्या लोकांसहि दिलेलें असतें. या वचनाला जामीन कोण? आजच्या रीतींत कोणीहि नाहीं. मनुष्याच्या हजेरीची हमी घेतली जाते. कोर्टाच्या हजेरीची घेतली जात नाहीं.

१७ ऑक्टोबरच्या हुकुमाचें महत्त्व आमच्या मतें याचसाठीं आहे, आणि नेमकी हीच गोष्ट त्या वेळच्या आरड्याओरड्यांत कोणी वाचली नाहीं. सरन्यायाधीश दत्तु, न्यायमूर्ति लोकूर आणि न्यायमूर्ति सीक्री यांनीं जामीन दिला तो १८ डिसेंबरपर्यंतच, आणि तोहि या अटीवर कीं, अपिलाचे सर्व कागदपत्र म्हणजे पेपरबुक दोन महिन्यांत हायकोर्टांत दाखल झालें पाहिजे. कारण उघड होतें. तक्रार १९९६ ची, पैसा १९९१ ते १९९६ या काळांतला, आरोप ज्ञात उत्पन्नाहून ६६ कोटि ६५ लक्षांची अधिक मालमत्ता जमविल्याचा. खटला २००३ सालीं तामिळनाडूंतून काढून कर्नाटकांत न्यावा लागला. निकाल लागला अठरा वर्षांनीं. तितकींच वर्षें अपिलाला लागलीं तर जामीन ही थट्टा ठरली असती. पेपरबुक वेळेवर आलें. मग १८ डिसेंबरला कोर्टानें मुदत वाढविली, पण त्याबरोबर हायकोर्टास सांगितलें कीं, स्वतंत्र न्यायपीठ नेमून तीन महिन्यांत अपील निकालांत काढा. सुनावणी जानेवारींत सुरू झाली आणि ११ मे २०१५ रोजीं निकाल झाला. अठरा वर्षें चाललेल्या खटल्याचें अपील आठ महिन्यांच्या आंत संपलें! जें होत नाहीं म्हणून आपण कपाळाला हात लावून बसतों, तें एका तारखेच्या अटीनें झालें.

येथें आमच्या विरुद्ध पक्षाच्या हातीं एक मोठें हत्यार लागतें, आणि तें लपविण्याचा आमचा विचार नाहीं. त्या झटपट अपिलाचा निकाल चुकला. हायकोर्टाच्या न्यायमूर्तींनीं सर्वांस निर्दोष सोडलें, आणि त्यांच्या निकालपत्रांतली बेरीज चुकलेली होती. दहा कर्जांच्या रकमांची बेरीज २४ कोटि १७ लक्ष अशी मांडली होती. ती वस्तुतः १० कोटि ६७ लक्ष होते. या साडेतेरा कोटींच्या जादा कर्जामुळें उत्पन्न फुगलें, अधिक मालमत्तेचें प्रमाण शेंकडा ८.१२ वर उतरलें, आणि शेंकडा दहाच्या आंतील फरक क्षम्य मानण्याच्या प्रघाताचा फायदा आरोपींस मिळाला. बेरीज बरोबर केली असती तर तें प्रमाण शेंकडा पाऊणशेंच्या घरांत गेलें असतें. प्राथमिक शाळेंतल्या मुलास ज्याबद्दल छडी बसते, त्या चुकीनें एक राज्य पुन्हा हातीं आलें: २३ मे २०१५ रोजीं बाईंनीं मुख्यमंत्रिपदाची शपथ पुन्हा घेतली.

पण ही चूक जामिनाची काय? बाई त्या आठ महिन्यांत तुरुंगांत असत्या तर बेरीज बरोबर आली असती, असें कोणी म्हणूं शकेल काय? चूक अपिलांत झाली, आणि तिची दुरुस्तीहि पुढल्या अपिलानेंच व्हावयाची होती. ती झालीहि, पण कशी? कर्नाटक सरकार सुप्रीम कोर्टांत गेलें. या वेळीं तारखेची अट कोणावरहि नव्हती. जून २०१६ मध्यें निकाल राखून ठेवण्यांत आला. तत्पूर्वीं मे महिन्यांत निवडणूक होऊन बाई पुन्हा बहुमतानें निवडून आल्या होत्या. निकाल राखलेलाच राहिला, आणि ५ डिसेंबर २०१६ रोजीं त्या निवर्तल्या. १४ फेब्रुवारी २०१७ रोजीं न्यायमूर्ति घोष व न्यायमूर्ति रॉय यांनीं डीकुन्हा यांचा निकाल जशाचा तसा पुन्हा उभा केला. शशिकला आणि दुसरे दोघे तुरुंगांत गेले व त्यांनीं आपली शिक्षा भोगली. मुख्य आरोपीविरुद्धचें अपील मात्र मृत्यूमुळें गळालें. मतदारांनीं मत दिलें तेव्हां त्यांच्यापुढें बेरजेची चूक असलेला निर्दोषत्वाचा दाखला होता. ती दुरुस्त करणारा निकाल आठ महिने कपाटांत होता. यांत कोणा न्यायमूर्तीच्या हेतूविषयीं आम्ही शंका घेत नाहीं. पण ज्या कोर्टानें हायकोर्टास तीन महिन्यांची मुदत घालून दिली, त्यानें तीच मुदत स्वतःस घालून घेतली असती तर बरें झालें असतें, एवढें म्हणण्याचा अधिकार नागरिकास आहे.

आतां दुसऱ्या टोकाचें एक प्रकरण सांगतों. छत्तीसगडांत, तेव्हांच्या मध्य प्रदेशांत, राज्य परिवहनाच्या एका कनिष्ठ कर्मचाऱ्यास १९८६ सालीं शंभर रुपयांची लांच घेतल्याच्या आरोपावरून पकडलें. खालच्या कोर्टानें २००४ सालीं त्यास दोषी ठरविलें. त्यानें अपील केलें. तें अपील हायकोर्टानें २०२५ सालीं ऐकून निकालांत काढलें, आणि तो निर्दोष ठरला. पकडला तेव्हांपासून एकोणचाळीस वर्षें, अपिलापासून एकवीस. शंभर रुपये! त्याच्याकरितां कोणी मिठाई वांटली नाहीं, पेपरबुक दोन महिन्यांत द्या असें कोणी बजावलें नाहीं, स्वतंत्र न्यायपीठ कोणी नेमलें नाहीं. तुरुंगाच्या भिंती त्याच्याभोंवतीं नसतील, पण दोषी हा शिक्का कपाळावर घेऊन एकवीस वर्षें गांवांत वावरणें ही शिक्षा कोणत्या कलमाखालीं मोडते, तें विधिपंडितांनीं सांगावें. ज्यास दोष पुसला जावा असें खरोखर वाटतें, त्यास अपिलाचा उशीर जाळतो. ज्यास दोष पुसला जाणार नाहीं हें ठाऊक असतें, त्यास तोच उशीर पोसतो. एकच उशीर निर्दोष्यास मारक आणि दोष्यास तारक होतो, आणि तरीहि आपण भांडतों तें जामीन दिला कां नाहीं दिला या गोष्टीवर.

अर्धी शिक्षा भोगून झाली म्हणजे जामीन द्यावा, अशीहि एक वहिवाट आहे. चारा-प्रकरणांतल्या पुढल्या शिक्षांच्या बाबतींत झारखंड हायकोर्टानें २०२० व २०२१ सालीं तिचा अवलंब केला. ती दयाळूपणाची आहे असें आपण समजतों. आम्हांस तींत कोर्टाची कबुली दिसते. माणसाची अर्धी शिक्षा संपेपर्यंत आम्हांस त्याचें अपील ऐकतां आलें नाहीं, असाच तिचा अर्थ नव्हे काय?

तेव्हां आमची मागणी मोठी नाहीं. भ्रष्टाचाराच्या प्रकरणांत, किंबहुना सर्वच प्रकरणांत, शिक्षा तहकूब करणाऱ्या हुकुमांत अपिलाच्या सुनावणीची तारीख लिहिलेली असावी. कलम लेखी कारणें मागतेंच; त्या कारणांखालीं आणखी एक ओळ. त्या तारखेस अपीलकर्ता किंवा त्याचा वकील तयार नसेल तर तहकुबी रद्द व्हावी. कोर्ट तयार नसेल तर कोर्टानें तशीं कारणें त्याच कागदावर लिहावीं आणि नवी तारीख घालावी. दोषसिद्धीची स्थगिती मात्र अधिकारपदावरील माणसास देऊं नये.

यावर नेहमींचें उत्तर ठरलेलें आहे: कोर्टांत कामें फार, न्यायमूर्ति थोडे. हें खरें आहे, आणि आम्ही तें हलकें मानीत नाहीं. पण कामें २०१४ सालींहि फार होतीं. तेव्हां एका अपिलाकरितां न्यायपीठ सांपडलें. कारण तें अपील कोणाचें, हें सर्वांस ठाऊक होतें. म्हणजे अडचण सर्वस्वीं संख्येची नाहीं, रांगेची आहे. रांगेंत कोणास पुढें घ्यावयाचें हें ठरविण्याचा कांहीं तरी नियम असावा, आणि तो अपीलकर्त्याच्या प्रसिद्धीचा नसावा.

एका वकील मित्रानें आमच्या योजनेंतली खरी अडचण दाखविली, ती येथें नमूद करतों. सुप्रीम कोर्टानें पेपरबुक आणण्याचें ओझें अपीलकर्त्यावर टाकलें. त्या अपीलकर्त्याकडे देशांतले नामांकित वकील होते आणि कारकुनांची फौज होती. आपल्याकडे खालच्या कोर्टांत साक्षी मराठींत होतात, हायकोर्टाचें काम इंग्रजींत चालतें. त्या साक्षींचें भाषांतर, छपाई, नकला, यांतच गरीब अपीलकर्त्याचीं वर्षें जातात. शंभर-दोनशें रुपयांच्या लांचेंत सांपडलेल्या तलाठ्यास किंवा शिपायास दोन महिन्यांची मुदत घातली, तर त्याची तहकुबी रद्द होऊन तो आंत जाईल आणि मोठ्यांचीं अपिलें तेवढीं वेळेवर चालतील. ही हरकत आम्हांस मान्य आहे. म्हणून आमच्या मागणींत एवढी भर घालतों कीं, पेपरबुक तयार करण्याचें काम कोर्टाच्या कचेरीनें आपल्या खर्चानें करावें, भाषांतरकारांच्या रिकाम्या जागा आधीं भराव्या, आणि तें पुरें झाल्याचा दिवस धरूनच सुनावणीची तारीख घालावी. भाषांतराला किती महिने लागतात, असें आम्हीं त्या मित्रास विचारलें. तो म्हणाला, कागद हातीं घेतल्यावर फारसे लागत नाहींत; हातीं घेण्यालाच लागतात.